बिनछर्‍यांचा बार

बंदूक भरायला मला मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. आमची बंदूक जुनी, ठासणीची. शेताच्या राखणीसाठी तिचा परवाना मामंजींच्या नावावर आहे. नाचणी तयार झाली की डुकरं उतरतात आणि दोन दिवसांत वावर लोळवून टाकतात. मामंजींची बोटं संधिवातानं वाकडी झाली, नवरा पुण्याला कंपनीत, म्हणून भरायचं काम माझ्याकडं आलं. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. गजानं ठासायचं. शेवटी गज नळीत सोडून बघायचं. चार बोटं बाहेर राहिला तर छर्‍यांचा बार, तीन राहिला तर नुसता आवाजाचा. डुकरांना आवाज पुरतो. मामंजी आभाळाकडं नळी करून उडवतात.

बार मी भरते हे गावात कुणाला माहीत नव्हतं. बाईचा हात लागला की नेम चुकतो म्हणतात.

गेल्या शिमग्याला चुलत दीर घरी आले. "काका, उद्या पारधीला बंदूक पायजे. वरच्या रानात भेकर हाये."

भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण. झऱ्यावर पाणी भरताना मी ते दोनदा बघितलं होतं.

मामंजी म्हणाले, "बंदी हाये रं. परवाना माझ्या नावावर हाये. पलीकडच्या खोऱ्यात सांबरापायी एकाची बंदूक गेली, तो अजून आत हाये."

"तुमचे वडील काय रानात भजन करायला जायचे व्हय? सकाळी येतो. भरून ठेवा."

भावकीपुढं मामंजी नेहमीच नमतात. दीर गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "भर."

मी चौथी शिकले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मला दिसत होतं, बोट दिरांचं आणि बेडी या म्हाताऱ्या हातांना. बंदूक गेली की नाचणीही गेली. मी माजघरात बसले. दारू घातली, बोळा ठासला आणि छर्‍यांची पिशवी परत खुंटीला अडकवली. त्यांच्या जागी मूठभर नाचणीचं भुसकाट घालून वर दुसरा बोळा ठासला. गज सोडला. चार बोटं बरोबर.

सकाळी दिरांनी गज टाकून बघितला आणि मान हलवली. मामंजींनी बंदूक दोन्ही हातांत तोलली, माझ्याकडं बघितलं आणि देऊन टाकली.

दुपारी पारधीला गेलेले सगळे परतले ते तावातावानं. भेकर वीस पावलांवर उभं होतं म्हणे. बार झाला, धूर झाला, आणि ते शिंकून निघून गेलं.

"काका, ही भरली कुणी?" दीर ओट्यावरूनच ओरडले. मग मला दारात बघून हसले. "वहिनी, तुमी भरली का काय? आत काय डाळ-भात घातला व्हता?"

सगळे हसले. तरी मी उंबऱ्याबाहेर आले.

"भुसकाट घातलं व्हतं. छर्रे घरातच हायेत. तुमचा नेम चुकला न्हाई भावजी, म्या घातलेच न्हाईत. पुढच्या शिमग्यालाबी घालणार न्हाई."

"काका, ऐकताय न्हवं? सुनेला काय बोलाल का न्हाई?"

मामंजी खाली बसूनच म्हणाले, "काय बोलू? हातात घेतली तवाच कळलं व्हतं मला, हलकी लागली. आता ठेव ती खाली."

दीर भिंतीला बंदूक टेकवून गेले. त्यांच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं त्यानंतर आलं नाही. न येऊ दे. बायका झऱ्यावर मला बघून कुजबुजतात, "हीच ती, भुसकाटवाली." मी हंडा भरते आणि त्यांच्यासमोरूनच येते.

यंदाही बार मीच भरते, आता माजघरात नाही, ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. गज तीन बोटं बाहेर राहतो. ज्याला मोजायचा त्यानं मोजावा.