डावा पाय

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय अधांतरी धरायचा आणि "क्लच हळू सोडा" म्हणत राहायचं. मग डावा गुडघा गेला. धड वाकेना, आणि क्लच दाबला की मांडीपर्यंत कळ जाई. शिकवणीचं काम मुलीने हाती घेतलं. उरली ती त्यांची शिकवणीची जुनी गाडी, आणि तीही विकून टाकू, असं मुलगी म्हणू लागली. गाडी गेली की आपण खिडकीपाशी मांडलेली खुर्ची होणार, हे मास्तरांना लख्ख दिसत होतं.

फिटर त्यांचा जुना दोस्त. त्याने अपघातात चेपलेल्या तसल्याच गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळवला. जुना उतरला. क्लच निघाला. ब्रेकचं पेडल नवीन, चांगलं रुंद आलं. मास्तर रोज स्टुलावर बसून बघत. आपल्याच पोटाचं ऑपरेशन बघावं, तसे.

"डाव्या पायाला आता पेन्शन," फिटर म्हणाला.

मुलीने बजावलं, "मी शेजारी बसेन. मला भीती वाटली, तर गाडी विकायची."

पहिल्याच चौकात सिग्नल लाल झाला. वेग उतरला, तसा डोक्याला न विचारता डावा पाय उठला आणि क्लच समजून त्या रुंद ब्रेकवर आदळला. गाडी जागीच थिजली. मागच्याने कशीबशी गाडी आवरली आणि मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"बाबा."

"ब्रेक उत्तम लागतो," ते म्हणाले. "आणखी एकच फेरी. शेवटची," मुलगी न हसता म्हणाली.

गाडी परत गॅरेजात आली.

"जित्याची खोड," फिटर म्हणाला. "पाय मागे दुमडून बसा की."

"दुमडला असता तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?" मास्तरांनी डाव्या पायाकडे बघितलं. "त्याला दाबायला काहीतरी दे. क्लचचं पेडल होतं तिथेच परत बसव. कशाला जोडू नकोस, मऊ स्प्रिंग घाल. आणि ब्रेकचं पेडल डावीकडून थोडं काप."

"खोटा क्लच?"

"तान्ह्याला चोखणी देतात ना, तसा."

दुसऱ्या फेरीत पाय त्या खोट्या पेडलवर पडत राहिला. कळ नाही, काही नाही. गाडी आपली चालत होती. पण प्रत्येक वळणावर मास्तरांना एकच धास्ती. आत्ता सापडलं, पुढच्या वेळी पाय चुकला तर? डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना मुलीचा बूट दिसत होता, जादा ब्रेकच्या जरासा वर धरलेला.

शिकवणीच्या ऑफिससमोर तिने थांबायला सांगितलं आणि उतरली.

"माझा क्लास आहे. गाडी घरी न्या."

"एकटा?"

"मग काय, सोबतीला बँड देऊ?"

दार लागलं. याच वाक्यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता. शेजारी ब्रेक होता, त्यावर कुणाचा पाय नव्हता. तळहात पँटला पुसून त्यांनी आपल्या ब्रेकवरून उजवा पाय हळूच उचलला. गाडी आपण होऊन पुढे सरकू लागली, आणि डावा पाय अंधारात भिंत चाचपावी तसा आपलं पेडल शोधू लागला.