हात सटकला

गांगुर्डे दादांनी मला पहिली थोबाडीत मारली तेव्हा त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. गाड्यांच्या एजन्सीत यार्ड ड्रायव्हर म्हणून माझा पहिलाच दिवस होता. दोन्ही हातांत किल्ल्या आणि कागद होते, म्हणून एका कोऱ्या गाडीचं दार मी गुडघ्यानं ढकलून लावलं. मागून एक पंजा आला. कानात शिट्टी वाजली. डोळे उघडले तर समोर सहा फुटांचा माणूस. पांढऱ्या मिशा, खाकी शर्ट, डाव्या हाताचं एक बोट अर्धंच.

"हात सटकला," ते म्हणाले. आणि त्याच आवाजात पुढे, "गाडीला पाय लावायचा नाय. चहा घेतला का?"

चहा त्यांनीच मागवला. मी एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं प्यालो. दोन वर्षांत त्यांच्या हाताखाली मला पाच वेळा मार बसला आणि चार वेळा चहा मिळाला. हे ऐकून माझी बायको म्हणायची, "असा कसा माणूस हो?" मला तेव्हा सांगता यायचं नाही. आता दादा नाहीत. आता सांगून बघतो.

आमची एजन्सी नाशकात द्वारका चौकाच्या पुढे, आडगावकडे जाताना डाव्या हाताला होती. त्या वेळी त्या रस्त्याला ओळीनं एजन्स्या होत्या, प्रत्येकीच्या दारात रंगीत पताका आणि काचेमागे फिरणाऱ्या स्टँडवर एक गाडी. त्यातल्या बऱ्याच आता नाहीत. कुठे लॉन्स झाली, कुठे दवाखाना. आमच्या जागी सोफ्यांचं दुकान आहे. काच मात्र तीच आहे. उजव्या कोपऱ्यातला तडा अजून दिसतो. मी आता शाळेची बस चालवतो आणि रोज दोनदा तिथून जातो.

मी विदर्भातला, दिग्रसकडचा. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. बायको आणि लहान मुलगी घेऊन नाशकात आलो तेव्हा इथं माझं ओळखीचं म्हणावं असं कुत्रंही नव्हतं. स्वभाव घाबरट. हँडब्रेक ओढला की नाही हे मी आजही तीनदा बघतो. माझं बोलणं ऐकून यार्डातली पोरं 'कायले, कायले' करून चिडवायची. दादांनी त्यातल्या एकाच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाले, "त्याच्या गावाला जाऊन बोल तू नाशिकचं. बघू तुला पाणी कोण देतं." मग त्यालाही चहा.

दादा यार्ड इनचार्ज. मालकांच्या वडिलांनी आणलेला माणूस, मूळ सिन्नरकडचा. ट्रेलरवरून नव्या गाड्या उतरल्या की प्रत्येक गाडीपाशी जाऊन, डोळे मिटून, ते तिची दारं एकेक करून आपटायचे आणि ऐकायचे. "गाडी दारात बोलती," हे त्यांचं म्हणणं. चांगली गाडी 'धप्प' म्हणते. वाटेत कुठं ठोकलेली, दबलेली गाडी 'खण्ण' म्हणते, कितीही चकचकीत असली तरी. तशी गाडी सापडली की दादा खडूनं काचेवर फुली मारायचे आणि ती कंपनीकडे परत. "मार खाल्लेली गाडी सरळ चालत नाय," ते म्हणायचे. "वरून रंग लावला का लबाड होती. ऐंशीच्या पुढं गेली का मग खरं बोलती. तवा ऐकायला माणूस राहत नाय."

हात त्यांचा कुणावरही सटकायचा. एकदा एका गिऱ्हाइकाचा मेहुणा फोटोसाठी बुटांसकट बॉनेटवर चढला. दादांनी त्याचा पाय धरून खाली ओढला. तो फरशीवर उताणा. दादा म्हणाले, "हात सटकला, पाव्हणं. लागलं नाय ना?" मॅनेजर केदार साहेब तासभर त्या लोकांच्या हातापाया पडत होते.

पण त्या एजन्सीत दादांचा हात हा सगळ्यात सोसवेल असा हात होता. मालकांचा भाचा होता, विकी. त्याच्यासोबत कायम दोन आडदांड गडी. मी कामाला लागायच्या आधी शकील नावाच्या ड्रायव्हरकडून एक गाडी भिंतीला घासली होती. विकीनं त्याला पार्टच्या स्टोअरमध्ये नेलं, शटर खाली ओढलं आणि तिघांनी त्याला फॅनबेल्टनं मारलं. बाहेर वॉशिंगचा पंप सुरू करून ठेवला होता, ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून. शकीलचा उजवा हात मोडला तो नीट जुळलाच नाही. स्टेअरिंग सुटलं, आता तो पंचवटीत भाजीच्या गाडीवर एका हातानं वजन करतो. दादा त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी विकीची मान धरून त्याचं डोकं वॉशिंगच्या टाकीत तीनदा बुडवलं. म्हणे तिन्ही वेळा हात सटकला. मालकांनी त्यांना काढलं नाही, कारण गाड्या बघणारा दुसरा कान नव्हता. हे सगळं मला पोरांनी सांगितलं. दादांकडून मी एकच वाक्य ऐकलं, तेही स्टोअरच्या शटरकडे बघत: "मी सुट्टीवर होतो."

दसऱ्याच्या चार दिवस आधी माझ्या हातून ते घडलं. दसऱ्याला चाळीसेक गाड्या जायच्या होत्या, ट्रेलरमागून ट्रेलर येत होते. दुपारी मी ट्रेलरच्या वरच्या मजल्यावरची एक पांढरी गाडी रिव्हर्समध्ये उतरवत होतो. मागचं चाक नीट आलं, पुढचं रॅम्पवरून सुटलं. गाडी कलली आणि पुढच्या बाजूनं खाली आदळली. मला काही लागलं नाही. गाडीत बसूनच मला स्टोअरचं शटर दिसत होतं.

दादा तेव्हा आरटीओत गेलेले. आधी आले केदार साहेब. त्यांनी वाकून गाडीखाली बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस. मी काही पाहिलं नाही. पेंटला जाईल." मी त्यांच्या पाया पडलो. खरंच पडलो.

तीन दिवसांत गाडी आरशासारखी होऊन आली. दसऱ्याच्या सकाळी ती इतर गाड्यांच्या रांगेत उभी होती, झेंडूची माळ घालून. दादा रांगेतून चालत एकेक दार आपटत होते. धप्प. धप्प. धप्प. माझ्या हातात टायरखाली ठेवायच्या लिंबांची टोपली होती. मी ऐकत होतो.

खण्ण.

दादांनी डोळे उघडले. दुसरं दार आपटलं. मग वाकले, पुढच्या चाकाच्या आत हात घालून बोटांनी चाचपलं. उठले आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली लिंबांकडे वळवली, त्यांना आणखी काय पाहिजे होतं?

"कोण?"

"दादा, मले माफ करा. रॅम्पवरून..."

गालावर बसली. लिंबं सगळीकडे गडगडली. या वेळी ते 'हात सटकला' म्हणाले नाहीत, चहाही नाही. म्हणाले, "मला का नाय सांगितलं?" आणि केदार साहेबांच्या केबिनकडे चालू लागले. मी मागे मागे. दार उघडंच होतं.

"पांढरी जाणार नाय," दादा म्हणाले. "चेसिस वाकली. स्टेअरिंग डावीकडं ओढणार. कोणाची हाय ती?"

"हवालदारांची. फौजेतून रिटायर झालेले, देवळाली कॅम्पचे. बाहेर अख्खं कुटुंब बसलंय, बाराच्या आत मुहूर्त आहे. तसली दुसरी गाडी आत्ता हातात नाही, संध्याकाळी येईल. जाऊ द्या ती."

"मी त्यास्नी सांगतो."

"सांगा ना." केदार साहेब हसले. "पहिला प्रश्न काय येईल? कोणी पाडली. मग मी नाव सांगेन. मग विकी त्या दिग्रसवाल्याला आत नेईल. तुम्ही किती वेळ राखण करणार? आज आहात, उद्या सुट्टीवर असाल."

दादांनी दारातून स्टोअरच्या शटरकडे बघितलं. मग वळले. माझ्याजवळून जाताना खांद्यावर हात ठेवला, जड. "तोंड उघडायचं नाय," म्हणाले. "काहीही झालं तरी."

हवालदार बारीक, ताठ गृहस्थ होते. सोबत बायको, दोन मुलगे, जावई, आणि सुनेच्या कडेवर एक वर्षाचं बाळ. सुनेनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आपट्याची पानं ठेवली. मी टायरखाली लिंबं ठेवून बाजूला झालो. नारळ फोडायचा मान आमच्याकडे दादांचा असायचा. टायरसमोर दगडावर एका फटक्यात.

दादांनी नारळ कपाळाला लावला. हात वर नेला, आणि दगडावर न आपटता तो सरळ पुढच्या काचेवर घातला, सगळ्या ताकदीनिशी. नारळ फुटला. पाणी स्वस्तिकावरून ओघळलं. काचेवर जाळं उमटलं.

"हात सटकला," दादा म्हणाले.

मला त्या क्षणी कळलं ते काय करतायत. दसऱ्याच्या दिवशी, पूजेच्या नारळानं काच फुटलेली गाडी कोण घरी नेईल? हवालदारांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला होता. "नको बाई ही," ती म्हणाली. बस, झालं होतं.

पण केदार साहेब धावत आले. "काही नाही मावशी, नारळ नीट फुटला ना, मग झालं! काच अर्ध्या तासात बदलून देतो. मुहूर्त गाठू आपण." आणि थोरला मुलगा म्हणाला, "हो आई, काच तर आहे. गाडी तर नवीच आहे ना."

दादांनी त्या बाळाकडे बघितलं. मग शांतपणे टूलच्या पेटीकडे गेले आणि टॉमी घेऊन आले. लोखंडी पहार, हातभर लांब. पहिला घाव काचेवर. दुसरा बॉनेटवर, झेंडूची माळ तुटली. मग दाराच्या खांबावर एक, दोन, तीन, चार. तो आवाज सगळ्या शोरूमभर घुमत होता. काच बदलता येते, बॉनेट बदलता येतं. खांब वाकला की गाडी कुणालाच नवी म्हणून विकता येत नाही. ते हे का करतायत ते केदार साहेबांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

मग लोक त्यांच्यावर तुटून पडले. आधी दोन्ही मुलगे आणि जावई. "प्यायलाय हा! सणाच्या दिवशी!" मग विकी आणि त्याचे दोघे, त्यांना तर टाकीचं उट्टं काढायचं होतं. दादांनी टॉमी आधीच खाली टाकली होती. एकदाही हात उगारला नाही. खाली पडले तेव्हा विकीनं बुटानं डोक्यावर डाव्या बाजूला मारलं. पुन्हा मारलं. कानातून रक्त आलं आणि फरशीवरच्या हळदीकुंकवात मिसळलं.

"का फोडली गाडी? बोल!" थोरला ओरडत होता.

"हात सटकला," दादा म्हणत होते. दरवेळी तेवढंच.

मी सात पावलांवर होतो, हातात रिकामी टोपली. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

शेवटी हवालदार मध्ये शिरले आणि त्यांनी आपल्या मुलांना बाजूला ओढलं. त्यांनी दादांकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, पुन्हा दादांकडे बघितलं. "ही गाडी नको आम्हाला," ते म्हणाले. "संध्याकाळी दुसरी आली की नेऊ." संध्याकाळी दुसरी आली आणि ते ती घेऊन गेले. तिची दारं मी आपटून बघितली. धप्प.

दादांची नोकरी गेली. डाव्या कानाचा पडदा फाटला आणि त्या बाजूनं ऐकायचं कायमचं बंद झालं. पुढे दोनेक वर्षांत एजन्सीही बंद पडली. खांब वाकलेली पांढरी गाडी शेवटपर्यंत यार्डाच्या कोपऱ्यात होती. चाकांतून गवत उगवलं होतं. ती कोणी, कशी नेली माहीत नाही.

मी दादांना भेटायला जायला सहा वर्षं लावली. म्हणजे वाटेपर्यंत अनेकदा जायचो, सिन्नर फाट्याला चहा घेऊन परत यायचो. शेवटी जुनी का होईना एक गाडी घेतली तेव्हा पेढे घेऊन गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. वाळलेले, पण मिशा तशाच. मला ओळखलं. गाडीपाशी आले, दारावर हात फिरवला.

"मार," म्हणाले.

मी दार आपटलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. तळहात टपावर ठेवला होता. "अजून एकदा." मी पुन्हा आपटलं. "चांगली हाय," ते म्हणाले. हातानं ऐकायला शिकले होते.

मग आम्ही खाटेवर बसलो. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. ते समोर गाडीकडे बघत होते. मी अगदी हळू म्हणालो, "दादा, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

ते तसेच बघत राहिले. मला हायसं वाटलं. बोलूनही झालं होतं आणि ऐकूही गेलं नव्हतं.

"त्या बाजूनं काय पुटपुटतो?" दादा म्हणाले. "इकडून ये. इकडून सांग."

मी उठलो. खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला गेलो. ती चार पावलं मला त्या शोरूममधल्या सात पावलांपेक्षा लांब वाटली. उकिडवा बसलो आणि त्यांच्या चांगल्या कानात तेच वाक्य सांगितलं, मोठ्यानं, सगळं.

थोबाडीत बसली. म्हाताऱ्या हाताची असूनही कानात शिट्टी वाजली. मी वाट बघितली, पण हात सटकला असं ते म्हणाले नाहीत.

घराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "अगं, चहा टाक. दोन कप."