वेबसाइटची भवानी

आमच्या दुकानातून पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं की माझ्या आईला मार बसायचा. सकाळची भवानी चुकली की आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दिवस नासायचा आणि तो राग काढायला आईच हाताशी असायची. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात आमचं मिरची-मसाल्याचं दुकान. पुढं गल्ला आणि काटा, मागच्या खोलीत आई आमटीला लावायचा येसर मसाला भाजत बसलेली, मध्ये एक पडदा. गिऱ्हाइकाच्या आवाजावरून तिला कळायचं, आज आपलं काय होणार. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. मी सातवीत असताना आबांनी तिच्या कानावर पितळी मापटं हाणलं होतं. त्या सकाळी एक बाई मिरची तोडून, बी बघून, भाव करून निघून गेली होती. बस, एवढंच झालं होतं.

गिऱ्हाइकांनाही आबा सोडत नसत. भवानीच्या वेळेला माल हाताळून निघालेल्या एकाची त्यांनी कॉलर धरली, त्याला पोत्यावर आदळलं आणि त्याच्या तोंडात मूठभर तिखट कोंबलं. तो रस्त्यावर बसून ओकला. बाजारातल्या लोकांनी सोडवासोडव केली, दोघांना चहा पाजला आणि ‘आबा तापट आहेत, पण मनानं चांगले’ म्हणत आपापल्या दुकानात गेले. आता कुणाला मनानं चांगला म्हटलं की मला आधी त्याच्या घरच्यांची काळजी वाटते.

जालन्याला कॉलेज संपवून परत आले आणि मी आईच्या येसराची वेबसाइट काढली. धंदा वाढेल, असं आबांना सांगितलं. मनात वेगळंच होतं. दुकान उघडायच्या आत कुठल्यातरी शहरातल्या कुणीतरी पाव किलो येसर घेतला, तर भवानी झालेली असेल आणि आईची सकाळ वाचेल. मला त्या साइटकडून दुसरं काहीच नको होतं.

पण माझ्यातल्या शहाणीला गप्प बसवेना. साइटवर या क्षणी किती माणसं आहेत, ते मोबाइलवर दिसायचं. मी कौतुकानं आबांना दाखवायला गेले.

“आबा, आत्ता चार जण आहेत आपल्या दुकानात.”

त्यांनी चष्मा लावला. चाराचे दोन झाले, दोनाचं शून्य.

“कुठं गेले?”

“गेले बघून.”

“न घेता?”

त्यांच्या लेखी चार माणसं माल हाताळून उठून गेली होती. आधी दिवसाकाठी असं एखादं गिऱ्हाईक जायचं. आता मी त्यांना बसल्या जागी पन्नास दाखवायला लागले. ते मोबाइल समोर ठेवून बसायचे, आकडा खाली आला की दात खायचे आणि मग पडदा बाजूला सारून आत जायचे. आईला वाचवायला काढलेल्या दुकानापायी तिचा मार दुप्पट झाला. मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटायचं.

बंद करते म्हटलं तर आबांनी लॅपटॉपवर किलोचं वजन धरलं. “एकातरी गिऱ्हाइकानं माल घेतल्याशिवाय बंद केलं तर आधी हे फोडीन, मंग तुला.” म्हणून मी हात धुऊन त्या गिऱ्हाइकांच्या मागे लागले. बघणाऱ्याला घेणारा कसं करायचं, याचे व्हिडिओ पाहिले. फोटो बदलले, पोचवायचा खर्च वेगळा लावणं बंद केलं, पैसे भरायचं पान सुटसुटीत केलं. लोक अगदी पैसे भरायच्या पानापर्यंत यायचे आणि तिथून पळायचे. मला ते एकेक माणूस हाताला धरून ओढावंसं वाटायचं. बापाचा राग माझ्यात पुरेपूर उतरलाय.

त्यात एक नंबर रोज यायचा. नाव बाईचं, साइटवर ठिकाण पुण्याकडचं दिसायचं. दुपारी तीनच्या सुमाराला अर्धा किलो येसर निवडायची, नाव आणि मोबाइल नंबर भरायची आणि पत्त्याच्या रकान्याशी थांबून निघून जायची. सलग अकरा दिवस. अकराव्या दिवशी सकाळीच आईचा ओठ फुटलेला होता.

“हीच का ती रोजची?” आबांनी विचारलं. “लाव फोन. जल्दी. मला ऐकू दे.”

मी स्पीकर चालू करून फोन लावला. आबांच्या धाकानं लावला, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मलाच तिला झापायचं होतं.

“ताई, रोज येऊन माल बाजूला काढता न् पळून जाता. चेष्टा लावलीय का?”

पलीकडून कुजबुज आली. “आत्ता नका ना बोलू. मी मूळची बदनापूरची हाये. नुसतं बघून राह्यले व्हते. माझी माय असाच येसर करती.”

“बघायला हा काय सिनेमा आहे? घ्यायचं तर आत्ता घ्या, नाहीतर परत पाऊल टाकू नका.” मी ओरडलेच.

तिकडं एका पुरुषाचा आवाज आला. “कोणाय? कोणाचे पैसे देऊन राह्यली तू?”

“न्हाई हो, काहीच घेतलं न्हाई.”

आणि फटका ऐकू आला. मग फोन पडल्याचा आवाज, मग दुसरा फटका, मग तिचा एक ओरडा. पुढं काही नाही.

पडदा हलला. आई उजवा कान पुढं करून दारात उभी होती. तिचा हात आपोआप डाव्या कानावर गेला आणि तिथंच राहिला. आबांनी ते पाहिलं. त्यांनी काट्यावरची धूळ पुसायला घेतली आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुन्हा फोन लावायची माझी हिंमत झाली नाही. तिला आणखी मार पडला तर? तो नंबर साइटवर यायचा बंद झाला. तिला मी मारलं होतं, मापटं फक्त दुसऱ्याच्या हातात होतं. आबांचा हात काही दिवस थांबला आणि मग पूर्वीसारखा चालू झाला.

दिवाळीनंतर एका सकाळी साइटवर पहिली ऑर्डर आली. अर्धा किलो येसर, पैसे भरलेले. नंबर तोच. पत्ता बदनापूरचा, म्हणजे तिच्या माहेरचा. खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘फोन करू नका.’

आबांनी माझा मोबाइल घेऊन कपाळाला लावला, भवानीची नोट लावतात तसा. मला किळस आली.

“मी देऊन येतो,” ते म्हणाले. “भवानीचं गिऱ्हाईक हाये.”

“तुमी न्हाई,” आई म्हणाली. पुडा तिनं आधीच बांधला होता. “मी जाते.”

तिनं त्यांना ‘न्हाई’ म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आबांचा हात वर गेला. माझ्या हातात किलोचं वजन होतं. ते मी कधी उचललं, मला माहीत नाही. मी ते मारणार होते, बिलकुल मारणार होते आणि आबांना ते माझ्या तोंडावर दिसलं. त्यांचा हात खाली आला.

“ठेव ते खाली,” आई मला म्हणाली. “माझी बस चुकंल.”

संध्याकाळी ती परत आली. आबा गल्ल्यावर मान खाली घालून बसले होते. ती त्यांच्या समोरून आत आली, पाय धुतले आणि माझ्यापाशी बसली.

“कशी आहे गं ती?” मी विचारलं.

“बरी हाये. मी आधी तिच्या या बाजूनं बोलले, मंग त्या बाजूनं बोलले,” आई म्हणाली. “दोन्ही कानांनी ऐकू येतं तिला.”