सासूबाईंसाठी टाकलेलं जाळं

आमच्या सासूबाई शेजारच्यांनी पळवल्या.

म्हणजे जेवायला-झोपायला त्या घरीच असायच्या. पण दुपारचा चहा झाला की पदर सावरून निघाल्या समोरच्या गावंडे वहिनींकडे! "गो, जरा थंय बसान येतंय. थंय बसला की घराकडे गेल्यासारखा वाटता." घराकडे म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी. आणि गावंडे वहिनी कुठल्या? अकोल्याच्या! लग्न होईपर्यंत त्यांनी समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. (हे त्यांनीच सांगितलंय. मी जळून बोलत नाहीये. म्हणजे जळतेय, पण हे त्यांनीच सांगितलंय.)

झालं असं की वहिनींनी हॉल सजवून घेतला. निळी भिंत, शिंपल्यांचा पडदा, टीव्हीखाली लाकडाची होडी, कोपऱ्यात सुपारीच्या पोफळीची कुंडी. "घर कसं आजूबाजूच्या निसर्गाशी बोललं पाहिजे, परब ताई," असं मला म्हणाल्या. आता आम्ही राहतो कांजूरमार्गला. आमच्या आजूबाजूचा निसर्ग म्हणजे खारफुटी, तिच्यामागे खाडी, आणि वारा फिरला की डंपिंग ग्राउंड. त्याच्याशी आमचं घर बोलत नाही, खिडक्या लावून घेतं.

"कोकणातले आपण, आणि कोकण त्यांच्या हॉलमध्ये?" मी नवऱ्यासमोर आदळआपट केली.

"तुझ्या पोटात दुखतंय," संतोष पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"दुखतंय तर दुखतंय! आई आपल्या आहेत ना? मग आपल्या सोफ्यावर बसू देत की!"

मी थेट गावी चुलत दिरांना, सुहास भाओजींना फोन लावला. "एक खरं जाळं पाठवा. दुकानातलं शोभेचं नको, वापरातलं."

"एकदम ओरिजनल पाठयतंय, वहिनी!" भाओजी म्हणाले.

जाळं प्रायव्हेट बसने आलं. मी ते सोफ्यामागच्या भिंतीवर ऐटीत ताणून बसवलं, मध्ये दिव्यांची माळ सोडली. आणि चमत्कार! दुसऱ्या दिवशी चहा झाला तरी सासूबाई जागच्या हलेनात. जाळ्याखाली बसल्या, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. "आज थंय जायत नाय. हंयच बरा वाटता." मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

श्रावण सुरू होता. हवा अशी दमट की पापडसुद्धा कुरकुरायला तयार नव्हता. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. डंपिंगचा वास असह्य झालाय! आमच्या मजल्यावर सगळ्यात जास्त! मला स्वतःला काही वास येत नव्हता, पण अशा कामात मागे राहायचं नाही म्हणून मीच सगळ्यात कडक शब्दांत लिहिलं, "सणासुदीला तरी माणसांना श्वास घेऊ द्या!" त्यावर चौदा अंगठे आले. आमच्या दारासमोर तीन मांजरी मुक्कामाला आल्या होत्या, त्यांचा मी याच्याशी संबंध लावला नाही. मला वाटलं, त्यांनाही आमचा हॉल आवडला.

मग मी शेवटचा घाव घालायचं ठरवलं. श्रावणी शुक्रवारचं हळदीकुंकू! मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावलं. गावंडे वहिनींना दोनदा बोलावलं. त्या नवी कोरी पैठणी नेसून आल्या (मुद्दाम!) आणि मी त्यांना बरोब्बर जाळ्याखाली सोफ्यावर, सासूबाईंच्या शेजारी बसवलं. बघू दे जवळून! केशरी दूध, फुटाणे हातात दिले. सगळ्या बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. मला वाटलं, भारावल्यात.

"डंपिंगवाल्यांनी आज कहरच केलाय," एक जण पदराआडून म्हणाली.

तेवढ्यात उशिरा आलेल्या बाईंबरोबर एक मांजर आत शिरली. तिने हळदीकुंकवाकडे पाहिलं नाही, दुधाकडेही पाहिलं नाही. धावत आली, वहिनींच्या खांद्यावरून उडी मारली आणि जाळ्याला लटकली! भिंतीतले खिळे निघाले. जाळं, दिव्यांची माळ आणि मांजर, सगळं गावंडे वहिनींवर!

"अवं माय! हे काय पडलं माह्या अंगावर!" वहिनी आतून ओरडल्या. त्या जेवढ्या सुटायला जात, तेवढ्या गुरफटत. "आन् हा वास कायचा होय?"

बायकांचे पदर खाली आले. सगळ्यांना एकाच क्षणी कळलं, की डंपिंग ग्राउंड निर्दोष आहे.

आतल्या खोलीतून धावत आलेल्या संतोषने तिथल्या तिथे गावी फोन लावला, आणि मूर्खाने तो स्पीकरवर ठेवला. "अरे सुहास, हे जाळं होडीवरचंच ना?"

"होडी खंय आसा आता?" भाओजी आनंदाने म्हणाले. "खळ्यात सुकट वाळत घालतंव ना, ती कावळ्यांनी खाव नये म्हणान वर घालतंव, ता जाळा! ओरिजनल!"

श्रावणी शुक्रवारी, सवाष्णींच्या डोक्यावर सुकटीचं जाळं! आम्ही मालवणी माणसं. सुक्या मासळीचा वास आमच्या नाकाला वासच वाटत नाही, घर वाटतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. "आई, तुम्हाला तरी कळलं असेल ना?"

"माका पयल्याच दिवशी कळला," त्या शांतपणे फुटाणे खात म्हणाल्या. "म्हणान तर हंय बसलंय. श्रावणात खावक नाय, निदान वास तरी!"

म्हणजे त्या माझ्या सजावटीसाठी बसल्याच नव्हत्या! मला रडू आलं, पण आधी वहिनींना सोडवायचं होतं.

जाळं दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीतून डंपिंगला गेलं, त्यामुळे ग्रुपवरची माझी तक्रार आता खरी ठरली असेल. पैठणी मात्र दोनदा धुवायला देऊनही तशीच आहे. गावंडे वहिनींनी ती वास जावा म्हणून हॉलमध्ये पंख्याखाली, होडीशेजारी पसरून ठेवलीय. तिन्ही मांजरींनी मुक्काम समोरच्या दाराशी हलवलाय. आणि सासूबाई? त्या हल्ली दुपारच्या चहालासुद्धा थांबत नाहीत. वहिनींच्या कोकणात एवढी एकच गोष्ट कमी होती, ती मी घरपोच करून दिली.