पाठीवरचं कोलम

सेल्वीचा फोन मी दोनदा कापला. ऑफिसात मीटिंग चालू होती, आणि सेल्वी म्हणजे चेन्नईतल्या आमच्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतली फुलवाली. ती फोन करणार तो पाणी आलं नाही हे सांगायला, असं मी धरून चालले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र मी जिन्यात जाऊन उचलला. "टीचर गेल्या मा," एवढंच ती म्हणाली... फुलं द्यायला वर गेली तर माझ्या घरमालकीण अंबुजाक्का खुर्चीतच होत्या, मांडीवर ब्रश पुसायचं फडकं. त्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "आणि चित्रं?" याची लाज मला अजून वाटते. पण त्यांच्या आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि गेले दोन महिने आम्ही दोघी दुसरं काही बोलतच नव्हतो.

सात वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी सांगलीहून चेन्नईत आले. भाजीच्या दुकानात उभी राहून फोनवर आईशी कडाकडा भांडत होते, इथं कुणाला काय कळतंय या भरवशावर. मागून आवाज आला, "आईस असं बोलू नाको गे." वळून बघते तर कॉटनची साडी, कानात हिऱ्याच्या कुड्या, हातात शेवग्याच्या शेंगा. तंजावरकडचं मराठी घराणं, आजोबांच्या काळात मद्रासला आलेलं; मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या अंबुजाबाई. मला हसू आवरेना. त्यांना राग आला नाही. "तुज मराठी नवं, मज जुनं. दोन्ही मिळून एक पुरं होईल की," म्हणाल्या आणि शेंगांतल्या अर्ध्या माझ्या पिशवीत टाकल्या. वर्षभरात मी त्यांच्या खालच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. मावशी म्हटलेलं चालायचं नाही, अक्काच म्हणायचं.

त्या फक्त बायकांची चित्रं काढत. देव्या नाहीत, नर्तकी नाहीत. समोर बसलेली बाई, तिच्या घरच्या साडीत, तिच्या घरच्या थकव्यासकट. बुधवारी सकाळी बसायच्या त्या बायका, मी तेव्हा ऑफिसात. चित्र दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "दुसऱ्याचं आहे, मी कसं दाखवू?" मला ही कलावंताची नखरेबाजी वाटायची. एकदाच त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी वर्गातल्या एका मुलीचं चित्र काढलं आणि तिला न विचारता शाळेच्या प्रदर्शनात लावलं. खिडकीबाहेर बघणारी मुलगी, बस्स, एवढंच. पण कुणाकडे बघते म्हणून घरात प्रश्न सुरू झाले आणि महिन्याभरात तिची शाळा सुटली. "तुमचा काय दोष त्यात?" मी सरळ म्हणून टाकलं. त्यांनी आमटीत अजून थोडी चिंच घातली.

त्या गेल्यावर बेंगळुरूचा भाचा आला, सगळं रीतसर केलं, आणि जाताना मला म्हणाला, "प्रदर्शन होऊ द्या. तुम्हीच बघा." गॅलरीची गाडी येणार त्या दिवशी मी पहाटेच वर गेले. अकरा चित्रं भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभी होती. पाठींवर समुद्राकडची चिकट धूळ, कोळिष्टकं आणि कसलेसे पांढरे पुसट डाग. भिंतीचा चुना लागला असावा. सांगलीची मी, पाहुण्यांपुढं मळकं काही जायला नको. ओलं फडकं घेतलं आणि एकेक पाठ लख्ख पुसून काढली. रडत होते, पुसत होते. अक्कांसाठी काहीतरी करायला मिळालं याचं बरंही वाटत होतं.

गाडी दारात आली तशी सेल्वी धावत वर आली. स्वतःचं चित्र शोधलं, मागून पुढून पाहिलं आणि माझ्याकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "माझं कोलम कुठंय?" मला कळेना. मग तिनं सांगितलं, ते ऐकता ऐकता माझ्या हातातलं फडकं जड होत गेलं. चित्र पुरं झालं की अक्का त्या बाईला एकटीला त्याच्यासमोर बसवत. मग शाळेतल्या खडूचा तुकडा हातात देत. हे चित्र लोकांनी पाहिलं तर चालेल असं वाटत असेल तर पाठीवर कोलम काढायचं, रोज दारात रांगोळी घालतेस तसं. नसेल वाटत तर पाठ कोरी ठेवायची. कारण विचारणार नाही. ज्या दारात कोलम नाही तिथं काही दुःख असेल असं समजून माणसं आल्या पावली परत फिरतात, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक असतं. अक्कांनी त्याची यादी कधी केली नाही. यादी पाठीवरच होती, आणि ती मी पुसली होती.

दहा जणी सापडल्या. कुणी नर्स, कुणी बँकेतून निवृत्त, तीन आमच्याच गल्लीतल्या. गॅलरीच्या गोदामात येऊन दहाही जणींनी पुन्हा कोलम काढलं. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणीच ओरडलं नाही. राहिली अकरावी. अक्कांच्या वहीत आवडी नावाच्या उपनगरातल्या क्वार्टर्सचा नुसता पत्ता होता. सेल्वीला एवढंच माहीत, की ती देवळात जाते म्हणून घरून निघायची आणि इथं येऊन बसायची. आणि नेमकं तेच चित्र गॅलरीच्या बाईंना निमंत्रणावर हवं होतं. मोकळे केस, तोंड भरून हसणारी बाई, पुढचा एक दात किंचित वाकडा. "हे सर्वांत चांगलं आहे. कागदपत्रांवर भाच्याची सही आहे, मग अडचण काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. अडचण माझ्या डोक्यात होती. त्या पाठीवर पांढरं होतं की नव्हतं? डोळे मिटून मी ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवत होते. कधी होतं असं वाटायचं, कधी नव्हतं. विचारायला जावं तर जाण्यानंच तिचं गुपित फुटेल. न विचारता लावावं तर त्या मुलीच्या शाळेसारखं हिचंही काही सुटेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी गेले. दुपारची वेळ निवडली. दार तिनंच उघडलं, दात पाहून मी लगेच ओळखलं. मी हळूच म्हटलं, "अंबुजा टीचर..." तिनं झटकन मागं वळून आत पाहिलं. आतून कोण आलंय म्हणून विचारणारा म्हातारा आवाज आला, "यारु मा?" तशी ती मोठ्यांदा म्हणाली, "ट्यूशन? इथं कुणी घेत नाही. पुढच्या ब्लॉकमध्ये विचारा." दार बंद. परतीच्या गाडीत डोक्यात एकच प्रश्न. आपण हिच्या घरात काय पेरून आलो? पुढचे आठ दिवस अनोळखी नंबर दिसला की मी पहिल्याच रिंगला उचलायचे.

मी गॅलरीत सांगून टाकलं, ते चित्र भिंतीकडे तोंड करून लागेल. बाई चिडल्या. गेलेल्या चित्रकर्तीचा मी अपमान करतेय म्हणाल्या. क्षणभर मलाही तसंच वाटलं, खरं सांगते. तेव्हा कोपऱ्यात फुलांची टोपली घेऊन बसलेली सेल्वी उठली. "तिला न विचारता लावणार असाल तर माझंही उतरवा," ती म्हणाली, "आणि बाकीच्या नऊ जणींना मी आत्ता फोन करते." पुढं वाद झाला नाही. निमंत्रणावर सेल्वी छापली गेली.

प्रदर्शनाच्या पाचव्या दिवशी भरदुपारी ती आली. एकटी, खांद्याला देवळाची पिशवी. दहा चित्रांवरून नजरही न फिरवता सरळ त्या उलट्या चित्रापुढं जाऊन उभी राहिली. कोरी पाठ बराच वेळ बघत होती. मी जवळ गेले. तीच म्हणाली, "मी काढलं नव्हतं."

मी बाजूच्या बाकावर बसले.

"टीचर म्हणाल्या, परवाइल्ले, असू दे, केव्हातरी काढशील," ती सांगत होती. "तुम्ही घरी आलात, मग पेपरात प्रदर्शनाचं वाचलं, तेव्हा वाटलं, लावलंच असणार. टीचर गेल्या, आता कोण राखतंय... रोज वाट बघत होते, घरात कोण काय म्हणतंय त्याची." जेवणाच्या सुट्टीत गॅलरीचं दार लावून आम्ही दोघींनी चित्र सुलटं केलं. ती समोर उभी राहिली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "घरी मी अशी हसत नाही. हसले की विचारतात, काय झालं म्हणून." पाच मिनिटांनी तिनं स्वतःच चित्र पुन्हा भिंतीकडे वळवलं. घरी नेता का, असं मी विचारलं. "वेंडाम, नको," ती म्हणाली. "तुमच्याकडे राहू दे." या लेखाचंही मी तिला विचारलं. मराठीत लिहिणार म्हटल्यावर खुदकन हसली आणि म्हणाली, "मग आमच्याकडं कोण वाचतंय? लिहा. नाव नको."

अक्कांची वरची खोली आता रिकामी झाली. सामान भाच्यानं वाटून टाकलं, मी फक्त खडूंचा डबा मागून घेतला. ते चित्र माझ्या खोलीत आहे, पाठ बाहेर करून. येणारा प्रत्येक जण विचारतो, उलटं का लावलंय? मी काहीबाही सांगते. कधी कधी तिची फार काळजी वाटते, तेव्हा उठून सगळी खोली झाडते, पुसते, अक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, "पुरे गे, पुसून पुसून भिंत जाईल." चित्राच्या चौकटीवर खडूचा एक तुकडा ठेवलाय, बुधवारी कधी ती आलीच तर हाताशी असावा म्हणून. त्या पाठीवर मात्र मी फडकं फिरवत नाही. कोरीच आहे ती, तरीही.