दीक्षाचा डावा पंख

डोंगरकडा गावातल्या वस्तीत दीक्षाला सगळे ओळखत होते. पण ती घरी बसून नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की तिची आई शिला दर वेळी वेगळं उत्तर द्यायची. कुणाला सांगायची, कंपनीचं काम घरून करते. कुणाला, परीक्षेचा अभ्यास चाललाय. शिला बी. ए. झालेली, वस्तीतल्या बायकांचे अर्ज लिहून देणारी. खोटं बोलणं तिच्या अंगात नव्हतं. पण खरं काही तिच्या तोंडून निघत नसे.

खरं असं होतं, की नांदेडला इंजिनियर झालेली, पुण्याची नोकरी सोडून आलेली तिची चोवीस वर्षांची लेक पाखरासारखे पंख हलवत उडणारं विमान बनवत होती. इंजिन नाही, पेट्रोल नाही. माणसानं आत बसायचं, दोन्ही पायांनी पट्टी रेटायची, की तारा ओढल्या जाऊन पंख खाली येणार. पाय सैल सोडले की रबराच्या ताणानं वर जाणार.

दोन वर्षांत फक्त डावा पंख झाला होता, तोही खऱ्या मापाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, मोजून बघण्यापुरता. तरी चौदा फूट. बैठकीची अख्खी भिंत त्यानं अडवली होती. केळीला टेकू द्यायचे बांबू दीक्षा ढिगातून निवडून आणायची, चिरायची, तोलायची, पुन्हा तासायची. वरून पातळ प्लास्टिक. पायात जोर असेल तेवढ्यावरच सगळं उचलायचं, म्हणून वाळलेल्या गोंदाचे ओघळसुद्धा ती ब्लेडनं खरवडून काढायची. चालवणार ती स्वतः, म्हणून भाकरीही मोजून. शिलाला ते फार खुपायचं. डोळे मिटले की तिला रानात पडलेले मोडके बांबू दिसायचे आणि त्याखाली लेक.

मार्चच्या शेवटी शिरड शहापूरची मंडळी दीक्षाला बघायला आली. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे वडीलधारे म्हणून किशनराव पाहुण्यांशेजारी बसले होते. स्थळ त्यांनीच आणलेलं, आणि भीमजयंती कमिटीचे अध्यक्षही तेच. मुलाची आत्या जिवनबाई भिंतीकडे बघत राहिली. हे काय बाई, म्हणाली.

"जयंतीच्या मिरवणुकीचा देखावा," शिला बोलून गेली. "दीक्षाचा हात चांगला आहे."

दीक्षा चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. तिनं कप एकेक करून सगळ्यांपुढे ठेवले, आईपुढचा शेवटी, आणि आत गेली.

किशनरावांचा ऊर भरून आला. पोरगी एवढी शिकली पण वस्तीला विसरली नाही, असं त्यांनी पाहुण्यांना दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चार जणांना घेऊन पंख न्यायला हजर. दीक्षा भिंतीला टेकून उभी होती.

"आई, तू सांग," एवढंच ती म्हणाली.

शिलाला सांगता आलं असतं. पण किशनरावांना कळलं की संध्याकाळपर्यंत शिरडला कळणार, हेच तिच्या डोक्यात होतं. पंख दारातून निघावा म्हणून तिनं स्वतः बाज सरकवली.

तिसऱ्या दिवशी होकाराचा निरोप आला. तो सांगायला ती आत गेली, तर दीक्षा फोनवर बोलत होती. येत्या शनिवारी तिचे नांदेडचे सर पंख तपासायला हळद वाळवायच्या पटांगणावर येणार होते. पंखाचा जोर कागदावरच्या हिशोबाइतका भरला, तर कॉलेजची कार्यशाळा तिला वापरायला मिळणार होती.

"सर, येऊ नका. पंख नाहीये माझ्याकडे," दीक्षा म्हणत होती.

निरोप शिलाच्या तोंडातच राहिला. ती पायात चप्पल न घालता विहाराकडे निघाली.

विहारामागच्या शेडमध्ये पंख ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवलेला होता. निळाशार. फाटू नये म्हणून आतून कापड चिकटवलेलं, वरून ऑइल पेंटचे दोन हात. किशनरावही कोपरापर्यंत निळे झालेले. त्यांनी जयभीम केला, कसं दिसतंय विचारलं. भोवती पाच-सात माणसं, दोन बायका.

"हा देखावा नाही," शिला म्हणाली. "माझी लेक विमान बनवते. माणसाच्या पायानं चालणारं. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. किशनरावांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"काहून असं केलंस सूनबाई? आमी काय नावं ठेवली असती?" मग हळूच म्हणाले, "आता हे रंग-कापड निघंल का?"

तिला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो पंख तिच्या बैठकीत होता आणि त्याच्यावर काय चालतं, काय चालत नाही, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

मागून दीक्षा आली. तिनं पंखाचं टोक दोन हातांनी उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं, दीक्षा. शिरडलाही मीच सांगते," शिला म्हणाली.

"सांग. पण याचं वजन तिपटीनं वाढलंय, आई." तिचा आवाज चढला नाही. "नवीनच करावा लागंल."

मग ती किशनरावांना म्हणाली, आजोबा, राहू द्या हा मिरवणुकीला, छान झालाय. तेवढ्या तारा मात्र मला सोडवून द्या.

किशनराव पक्कड शोधायला लागले. शिलानं तार धरायला हात पुढं केला. कुठं धरायचं ते तिला कळेना, आणि दीक्षानंही सांगितलं नाही.