साडूंची मिठाची बाटली

यंत्राला खरं बोलायला लावणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळून एकच झाला, आणि तो माझा साडू होता. हे नात्यापोटी सांगत नाही. नात्यापोटी सांगायचं असतं तर इतकी वर्षं गप्प बसलो नसतो. शिरपूरला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे नाना म्हणत, म्हणून मीही. हत्यारं ते जेवणाच्या डब्यात ठेवत आणि भाकरी हत्यारांच्या पिशवीत. विचारलं तर म्हणत, भाकरीला गंज चढत नाही. मीटरवर आकडा दिसला की दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घेतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी खिशातून तापमानाचा सेन्सर काढून शेवभाजीत बुडवला, मीटर पाहिला, “अठ्ठ्याहत्तर” असं जाहीर केलं आणि जेवू लागले. भाजी कशी झाली, याबद्दल चकार शब्द नाही. माझी बायको म्हणजे त्यांच्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. ते अठ्ठ्याहत्तर तिनं कितीतरी वर्षं मनात ठेवलं.

नव्वदच्या सुमारास आमच्या गावच्या सोसायटीनं चाकांवरचं धान्य वाळवायचं मशीन घेतलं. ट्रॅक्टरमागं जोडून खळ्यावर न्यायचं, ओला मका ओतायचा, डिझेलचा जाळ आणि पंखा सुरू करायचा. दाणा वाळला की मशीन आपोआप बंद. चालवायचं काम माझ्याकडे, देखभाल नानांकडे. दाणा ओला की कोरडा, हे त्याला कळायचं ते पोटातल्या दोन पितळी पट्ट्यांमुळे. दाणा जितका ओला, तितकी वीज या पट्टीवरून त्या पट्टीवर सहज जायची आणि बाहेर लाल आकडा चढायचा. दसऱ्याच्या दोन दिवस आधी नानांनी त्या पट्ट्या लखलखीत पुसल्या आणि मला जवळ बोलावून म्हणाले, “देख, यामाच याना जीव शे.”

हे वाक्य मी नको इतकं मनावर घेतलं. खंडेनवमीला मशीन धुतलं, झेंडूची माळ घातली, आणि जीव जिथं आहे तिथंच पूजा व्हावी म्हणून आत हात घालून दोन्ही पट्ट्यांवर मिळून ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. अंधारात काढूनही चांगलं जमलं होतं.

दसरा उलटला आणि खळ्यावरच्या मक्यावर परतीचा पाऊस पडला. पहिला मान अर्थातच सोसायटीच्या चेअरमनचा. त्यांचा मका ओतला, आकडा चोवीसवर गेला आणि तिथंच बसला. तीन तास झाले तरी चोवीसच. मग लाह्यांचा वास सुटला, तेव्हा मी घाबरून हातानं मशीन बंद केलं. त्या पट्ट्यांना शेवटचा हात नानांचा लागलेला, हे सगळ्यांना माहीत होतं. चेअरमननी निरोप धाडला, की संध्याकाळपर्यंत मशीन सुरू झालं नाही तर नानांनी पुन्हा सोसायटीच्या कामाला हात लावायचा नाही. मला या पट्टीवरून त्या पट्टीवर गेलेलं ओलं स्वस्तिक आठवलं होतं. पण माझी नोकरी कच्ची होती आणि माझी जीभ तर त्याहून कच्ची.

नाना लूनावर आले. सभोवार गाव जमलेलं. चेअरमन म्हणाले, “नाना, आम्हाला मका वाळवायचा होता, लाह्या नव्हत्या फोडायच्या.” नानांनी ऐकलंच नाही. आधी त्यांनी मशीनचा तापमानाचा सेन्सर काढून स्वतःच्या काखेत धरला आणि डोळे मिटून उभे राहिले. सदतीस आलं. मग गोळेवाल्याकडून बर्फ मागवून त्याच्या पाण्यात बुडवला, शून्य आलं. हा सज्जन निघाला. मग त्याच्या आणि पट्ट्यांच्या वायरींची अदलाबदल करून पाहिली, तरी दोष हटला नाही, तेव्हा मला समजावलं, “वहू बदलीसनीबी घरमा भांडन ऱ्हायनं, मंग सासूकडे देखानं.” शेवटी मशीन पूर्ण रिकामं केलं. आत एक दाणा नाही, तरी आकडा चोवीस. पट्ट्यांची वायर काढली, आकडा पडला. म्हणजे खोटं बोलत होत्या त्या पट्ट्याच. नानांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा बोटं लाल होती. त्यांनी बोटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि हात धोतराच्या आतल्या सोग्याला पुसून टाकला.

“पट्टीवर मळ बठेल व्हता,” ते गावाला ऐकू जाईल असं म्हणाले. “मीच पुसानं भुली गऊ.”

मी फडकं पुढं केलं. नुसतं फडकं.

पट्ट्या पुसल्या. नवा ओला मका ओतला. तेवीस, एकोणीस, सोळा. लोक मोठ्यानं आकडे म्हणू लागले. तेरावर मशीन आपसूक थांबलं. सगळे टाळ्या पिटायच्या बेतात, तर नानांनी हात वर केला. पिशवीतून काचेची बाटली काढली, तिच्यात मूठभर मका आणि कोरडं मीठ टाकून खळखळ हलवली. दाणा ओला असता तर मीठ काचेला चिकटलं असतं. एक कण चिकटला नाही. बाटली त्यांनी चेअरमनच्या डोळ्यांसमोर धरली, आणि चेअरमननीच पहिली टाळी वाजवली. मग लोकांनी नानांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलं आणि मागं मशीन, पुढं डफ, अशी वरात दुसऱ्या खळ्यावर नेली. आठ दिवस ते मशीन गावभर फिरलं. एका दाण्याला कोंब फुटला नाही.

पुढच्या खंडेनवमीला नाना न बोलावता हजर. माझ्या हातून कुंकवाची वाटी घेतली, मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं आणि म्हणाले, “पूजा आठे. मझार नही.” बाहेर, आत नाही, एवढंच. तेव्हा खात्रीच पटली, की त्यांना माहीत आहे. तरी मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता गेल्या वर्षी नाना गेले.

दिवसकार्य झाल्यावर मेव्हणीसमोर बसून मी सगळं सांगून टाकलं. ती पदर सावरत हसली. म्हणाली, “आम्हले बठ्ठास्ले माहीत शे, भाऊ. तुम्हनी बायकोलेबी. त्यास्नी सांगेल व्हतं, तो सोता बोलत नही तवलोंग कोनी बोलानं नही.”

शेवभाजीचं अठ्ठ्याहत्तर न विसरणाऱ्या माझ्या बायकोनं सगळ्यांना माहीत असलेलं हे मात्र, मी स्वतः बोलेपर्यंत थांबायचं म्हणून, कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं. मेव्हणीनं उठून फडताळातली नानांची मिठाची बाटली माझ्या हातात दिली. घरी येईपर्यंत एसटीत ती मांडीवर होती. बस खड्ड्यात आदळली की मीठ खळखळायचं. कोरडंच होतं.